व्हार्निशचा शेवटचा हात

अप्पा,

गेले तीन दिवस मी एका वाक्यावर अडून बसले आहे, आणि मी अडून बसले की घरात कुणाला सुख नसतं हे तुम्हाला सांगायला नको. वाक्य अगदी साधं आहे. आमच्या कॉलेजात चित्रकलेच्या पदवीचा नवा आराखडा करायचं चाललंय. पहिल्या वर्षाला कुठल्या आठवड्यात काय शिकवायचं, प्रवेशाला येणाऱ्या मुलांनी फोल्डरमध्ये कुठली चित्रं आणायची, सगळं नव्यानं लिहायचं. विभागप्रमुख बाईंनी ते माझ्या गळ्यात घातलं. ‘मॅडम, तुमचं प्लॅनिंग चांगलं असतंय, तुम्हीच करा,’ म्हणाल्या, आणि मीही हरभऱ्याच्या झाडावर चढले. वस्तुचित्रं चार, निसर्गचित्रं तीन, स्मरणचित्रं दोन, रोजच्या रेखाटनांची वही एक, असं भराभर लिहीत गेले. शेवटी मुलांनी सही करायचं एक वाक्य हवं होतं. ‘या फोल्डरमधलं सगळं काम माझ्या स्वतःच्या हातचं आहे.’ एवढं लिहिलं आणि पेन थांबलं. तुम्ही जाऊन अकरा वर्षं झाली, पण त्या क्षणी तुम्ही माझ्या खुर्चीमागं येऊन उभे राहिलात असं वाटलं. नेहमीसारखेच, थोडे लांब.

खरं तर त्या आराखड्यात माझं असं काही नाहीच. आठवडे उभे, कामं आडवी, प्रत्येक कामापुढं सुरू केल्याची तारीख, काय राहिलं, कधी संपलं. ते तक्ते बघून सहकारी म्हणतात, मॅडमचं डोकं भारी. डोकं कुणाचं ते मला ठाऊक. हुबळीच्या रेल्वे वर्कशॉपात तुम्ही डबे रंगवायचात. डबा आला की आधी जुना रंग खरवडायचा, मग घासायचा, खड्ड्यात लांबीची पुट्टी भरायची, पुन्हा घासायचा, मग रंगाचे दोन हात, आणि सगळ्यात शेवटी व्हार्निशचा हात. तो शेवटचा हात बसल्याशिवाय डबा फाटकाबाहेर जायचा नाही. प्रत्येक डब्याला एक जॉब कार्ड असायचं आणि त्यातला एकही रकाना रिकामा ठेवून चालायचं नाही. पीयूसीची बारावी झाल्यावर मी चित्रकलेची पदवी करणार म्हणून जाहीर केलं, तेव्हा आत्यानं कपाळावर हात मारला. ‘चित्रं काढून पोट भरतंय काय गं?’ आईनं तर डी.एड.चा फॉर्म आणून ट्रंकेत ठेवलाच होता. आपल्या घरात पदवीपर्यंत कुणी पोचलंच नव्हतं, आणि पोचायचं तर निदान नोकरी लागेल अशा पदवीपर्यंत पोचावं, हे आईचं म्हणणं काही चूक नव्हतं. तुम्ही मात्र उठलात. जुनं कॅलेंडर भिंतीवरून काढलंत, पान उलटं केलंत, फूटपट्टी घेतलीत आणि मला विचारलंत, ‘किती चित्रं लागत्यात अक्का? आणि दिवस किती हायत?’ घरात मोठी म्हणून सगळ्यांसारखे तुम्हीही मला अक्काच म्हणायचात.

चौदा चित्रं आणि सात आठवडे. तुम्ही चौदा ओळी आखल्यात. अक्षर काय सुरेख होतं हो तुमचं! एप्रिलातल्या जयंतीच्या मिरवणुकीला अख्ख्या गल्लीचे बॅनर तुम्हीच रंगवायचात, ते काय उगाच? पहिला रकाना ‘कच्चं’, दुसरा ‘दुरुस्ती’, तिसरा ‘रंग’, आणि चौथा ‘शेवटचा हात’. मला त्या वेळी हसू आलं होतं. चित्राला कसला आलाय शेवटचा हात, म्हणून मनात म्हटलं, पण तोंडानं बोलले नाही. मी बोलले असते तर पुढचं काहीच झालं नसतं. मी नको तिथं बोलणारी आणि हवं तिथं गप्प बसणारी, जन्मापासूनच.

ते सात आठवडे अजून माझ्या डोळ्यांसमोर आहेत. मी क्वार्टरच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसले आहे, मांडीवर पाट, पाटावर कागद. आई स्टोव्हपुढं भाकऱ्या थापते आहे. मी म्हणते, ‘हलू नको गं,’ आणि ती म्हणते, ‘भाकरी करपली तर तू खाशील काय?’ स्टोव्हचा फरफर आवाज, पिठाचा वास, खिडकीतून आलेली उन्हाची पट्टी तिच्या कोपरावर. संध्याकाळी मी वर्कशॉपच्या फाटकासमोर रस्त्याच्या कडेला बसते. भोंगा होतो आणि सायकली सुटतात. शेकडो सायकली, आणि त्यातली एक तुमची, हँडलला जेवणाचा डबा लटकलेला. तुम्ही मला बघता पण ओळख दाखवत नाही, कारण मी कामावर आहे. कामावरच्या माणसाशी बोलायचं नसतं हा तुमचा नियम. रात्रीच्या जेवणाआधी तुम्ही कॅलेंडरपुढं उभे राहता, मी दाखवीन ते पान बघता आणि त्या रकान्यात बारीक बरोबरची खूण करता. कुठं काही खटकलं तर बोट न लावता म्हणता, ‘हितं सायकलीचं चाक जरा फुगलंय काय?’ आणि ते फुगलेलंच असतं. चौदाही ओळींतले तीन रकाने भरले. चौथा रिकामा राहिला, सगळ्या ओळींचा.

मुलाखत धारवाडला, गुरुवारी सकाळी. बुधवारी मी आणि आई हुबळीतच लॅमिंग्टन रोडला काळं फोल्डर घ्यायला गेलो होतो. चांगलं, नाडी बांधायचं. चार दुकानं फिरल्यावर ते मिळालं, वर आईनं मला उसाचा रस पाजला, म्हणजे ती किती खुशीत होती बघा. डी.एड.चा फॉर्म तिनं ट्रंकेच्या तळाशी ढकलला होता, हे मला तिनंच रस पिताना सांगितलं. चारच्या सुमाराला घरी आलो. तुम्ही त्या दिवशी रजा काढली होती, हे मला माहीत नव्हतं.

अंगणात कपड्यांच्या दोरीवर माझी चौदा चित्रं वाळत होती. कपड्यांच्या चिमट्यांनी लावलेली, एका ओळीत, सारख्या अंतरावर. वैशाखाचं ऊन पलीकडून पडलं होतं आणि सगळे कागद मधाच्या रंगाचे झाले होते. त्यांच्यातून आरपार दिसत होतं. पलीकडचा शेवग्याचा बुंधा दिसत होता, भिंत दिसत होती, आणि स्टोव्हपुढं बसलेल्या आईच्या चित्रातून तुम्ही दिसत होतात, स्टुलावर बसलेले, हातात दोन इंची ब्रश. वारा आला की चौदाही पानं एकदम हलायची आणि अंगणभर पिवळट उजेड सरकायचा. आज डोळे मिटले की ते फार सुंदर दिसतं. त्या दिवशी मात्र माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. व्हार्निश! पुढून आणि मागून, दोन्हीकडून. पेन्सिलीवर, जलरंगावर, सात आठवड्यांच्या कामावर.

तुम्ही हसत उठलात. ‘बघ की, शेवटचा हात राहिलता. तुला वेळ गावला नसंल म्हणून मीच मारला. मागनं पण दिलाय, न्हाईतर पान वळतंय. आता पाऊस लागू दे, धूळ लागू दे, काय होत न्हाई.’ आणि तुम्ही मला एका पानाचा कोपरा दाखवलात. वर्कशॉपात व्हार्निश वाळलं का बघायला अंगठा टेकवतात, उजव्या बाजूला, खालच्या कोपऱ्यात, जिथं कुणाची नजर जात नाही. प्रत्येक पानाच्या खाली उजवीकडं तुमचा अंगठा होता. पत्र्यानं चिरलेला तो अंगठा, मधोमध आडवी रेघ असलेला. ‘मघाशी जरा चिकट होतं, आता वाळलंय,’ तुम्ही म्हणालात.

मी काय बोलले ते मी कुणाला कधी सांगितलेलं नाही. आईनं ऐकलं, शेजारच्यांनी ऐकलं असेल, तुम्ही तर ऐकलंतच. पण आज लिहिते, म्हणजे निदान कागदाला तरी खरं कळू दे. मी म्हणाले, ‘तुम्ही रंगारी आहात अप्पा, रंगारी! तुम्हाला चित्रातलं काय कळतंय? तुमच्या हातात काहीही द्या, त्याचा डबाच होतो!’ आई अक्का सोडून नावानंच ओरडली, ‘साकु, गप्प बस! बापाला असं बोलत्यात होय?’ मी गप्प बसले नाही. पुन्हा हात लावू नका म्हणाले, माझ्या कुठल्याच कागदाला हात लावू नका. तुम्ही ब्रश खाली ठेवलात. एकदा स्वतःच्या हातांकडं बघितलंत, उलटे करून, सुलटे करून. ‘चुकलं बघ अक्का,’ एवढंच म्हणालात. मग मोरीवर जाऊन रॉकेलनं हात धुवायला लागलात, आणि कितीतरी वेळ धूत राहिलात.

दुसऱ्या दिवशी सकाळी आपण दोघं धारवाडच्या बसमध्ये. फोल्डर तुम्ही धरलंय, पण नुसत्या नाडीला. अंगाला लागू नये म्हणून एक हात लांब करून, अख्खा रस्ता. कंडक्टर म्हणतो, खाली ठेवा की, आणि तुम्ही मान हलवता. नवनगर येतं आणि जातं. तेव्हा तिथं मोकळ्या जागाच जास्त होत्या. पुढं तिथंच मी घर बांधीन असं कुणी सांगितलं असतं तर आपण दोघंही हसलो असतो. त्या दिवशी मी खिडकीबाहेर बघत होते. मला राग होता आणि भीती होती. सगळी चित्रं वाया गेली आहेत, सीट गेली आहे, डी.एड.चा फॉर्म ट्रंकेच्या तळातून वर येणार आहे, एवढंच डोक्यात चाललं होतं. कॉलेजच्या फाटकाशी तुम्ही फोल्डर माझ्या हातात दिलंत आणि म्हणालात, ‘बापानं केलं म्हणून सांग. चूक माझी हाय म्हणून सांग. दुसरी काढून आणते, मुदत द्या म्हणून सांग.’ आणि बाहेरच्या गुलमोहराखाली जाऊन बसलात.

आत तिघं जण होते. मधले वयस्कर सर, जाड चष्म्याचे, त्यांनी फोल्डर उघडलं आणि पहिलंच पान हातात घेतल्यावर थांबले. पान वाजवून बघितलं. वास घेतला. मी तोंड उघडणार होते, तुम्ही सांगितलेलं वाक्य जिभेवर होतं. तेवढ्यात ते उठले, खिडकीपाशी गेले आणि पान काचेला लावलं. मग दुसरं पान घेऊन त्याच्यावर ठेवलं. स्टोव्हपुढं बसलेली आई, आणि तिच्या आतून वर्कशॉपच्या फाटकातनं सुटलेल्या सायकली. भाकरीच्या कडेनं चाकं फिरत होती. मीसुद्धा बघत राहिले. माझीच चित्रं होती, आणि मी ती पहिल्यांदा बघत होते. ‘नोड्री इल्लि,’ इकडं बघा म्हणत सरांनी बाकीच्या दोघांना बोलावलं. मग तिघंही खिडकीशी, पानावर पान ठेवून बघताहेत, लहान पोरांसारखे. मागं न बघताच सरांनी विचारलं, ‘इदन्न यार माडिद्दु?’ हे कुणी केलं?

‘नानs माडीन्री सर,’ मी म्हणाले. मीच केलं.

कशासाठी, असं त्यांनी विचारलं. आणि अप्पा, आदल्या दिवशी अंगणात पाय आपटणारी ही तुमची लेक काय म्हणाली असेल? म्हणाली, ‘चित्रात उजेड आत यावा म्हणून.’ कुठून सुचलं देव जाणे. ते वाक्य मी पुढं वीस-पंचवीस वर्षं वापरलं. प्रदर्शनाच्या माहितीपत्रकात वापरलं, मुलांना शिकवताना वापरलं. माझं जे काही नाव झालं ते या आरपार दिसणाऱ्या कागदांवर झालं, हे तुम्हाला माहीत होतं. ते नाव कुठून सुरू झालं, हे तेवढं माहीत नव्हतं. पुढचे कागद मी व्हार्निशनं नाही, तेलानं आरपार करायचे, आणि तेही कॉलेजात, तुमच्या नजरेआड. सरांनी सगळी पानं टेबलावर मांडली आणि म्हणाले, ‘सही नाही केलीस?’ त्यांनीच मार्कर दिला. सही खाली उजवीकडं करायची असते. तिथं तुमचा अंगठा होता. मी तो बघितला. बघितला नाही असं म्हणायला जागा नाही, मधली चीरसुद्धा दिसत होती. त्या ठशावर मी सही केली. ठसा झाकला जाईल इतकी मोठी. चौदा वेळा.

बाहेर आले तर तुम्ही उभे राहिलात. ‘मिळाली,’ मी म्हणाले. तुम्ही डोक्यावरची टोपी काढलीत, पुन्हा घातलीत. मग हळूच विचारलंत, ‘ती पानं बघून काय म्हणाले?’ तुमच्या चेहऱ्याकडं बघितलं असतं तर कदाचित खरं बोलले असते. मी फोल्डरची नाडी बांधत होते. ‘काही नाही. बघून न बघितल्यासारखं केलं,’ असं म्हणून मोकळी झाले. तेव्हा तुम्ही कॉलेजच्या फाटकाकडं वळलात आणि दोन्ही हात जोडलेत. ‘मोठ्या मनाची माणसं,’ म्हणालात, ‘माझी चूक पदरात घेतली.’ मग आपण चुरमुऱ्यांचं गिरमिट आणि मिरची भजी खाल्ली. तुम्ही तुमच्यातलं एक भजं माझ्या पानावर ठेवलंत, आणि मी ते खाल्लं. मजेत खाल्लं.

पुढं काय, हात लावू नका म्हणाले होते, ते तुम्ही पाळलंत. माझ्या एकाही कागदाला तुम्ही कधी हात लावला नाहीत. नवं चित्र झालं की येऊन बघायचात, नीट, वेळ घेऊन, पण हात मागं बांधून. डावा पंजा उजव्या पंज्यात गच्च धरलेला. हुबळीच्या माझ्या पहिल्या प्रदर्शनात लोक चित्रांना बोटं लावून बघत होते आणि माझा बाप हात मागं बांधून भिंतीपासून दोन पावलं लांब उभा. कुणीतरी विचारलं, हे कागद असे पारदर्शक कसे करतात हो? तुम्ही म्हणालात, ‘ते तिलाच ठाऊक. माझ्याकडनं एकदा पोरीचं नुकसान झालंतं, तेव्हापासनं मी लांबनंच बघतो.’ मी चार हातांवर उभी होते. सगळं ऐकलं आणि चहा सांगायला निघून गेले. तुम्ही निवृत्त झाल्यावर तुम्ही, आई आणि मी असे नवनगरच्या घरी राहायला लागलो, तेव्हा ओल्या रंगावर माशी बसली तरी तुम्ही ती हाकलायचा नाहीत. आतल्या खोलीतून मला हाक मारायचात, ‘अक्का, माशी बसली बघ.’ मी येईपर्यंत माशीवर डोळा ठेवून उभे. मी वैतागायचे, उडवायची की अप्पा, म्हणायचे. तुम्ही हसायचात नुसते.

एकदा अगदी सांगायची वेळ आली होती. केळगेरीच्या तळ्यावर मुलांना निसर्गचित्राला घेऊन गेले होते, त्या सकाळी तुम्हीही बरोबर आलात. धुकं पाण्यावरून उठत नव्हतं. पलीकडचा काठच नव्हता, आणि मुलं बांधावर पांगून बसली होती, कुणी कुणाला दिसत नव्हतं, मधूनच कुणाचा तरी खोकला ऐकू यायचा. तुम्ही माझ्या शेजारी बसलात आणि पाण्याकडं बघत म्हणालात, ‘त्या चौदा पानांचं अजून मनात येतंय बघ. सात आठवडे बसलीतीस तू.’ तळ्याच्या काठी अशी वेळ, असा उजेड, आणि विषय तुम्ही स्वतः होऊन काढलेला. दुसरं काय हवं होतं? आणि मी काय केलं? तुमच्या गुडघ्यावर थोपटलं आणि म्हणाले, ‘जाऊ द्या हो अप्पा, झालं गेलं गंगेला मिळालं.’ मी तुम्हाला माफ केलं! चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. तुमचे डोळे पाण्यानं भरले आणि तुम्ही खिशातून रुमाल काढलात. मग एक मुलगी पाटी घेऊन आली आणि तळ्यातलं प्रतिबिंब कसं रंगवायचं विचारायला लागली.

तुम्ही गेल्यापासून मला एक स्वप्न पडतं. केळगेरीच्या तळ्यावरून गाडी जाते आहे, रूळ नाहीत, आवाज नाही. सगळे डबे कागदाचे, मधाच्या रंगाचे, आरपार. एका डब्यात आई भाकऱ्या करते आहे, एकात सायकली चालल्या आहेत, एकात आत्या कपाळाला हात लावून बसली आहे. गाडी खूप लांब आहे आणि सावकाश जाते. प्रत्येक डब्याच्या खाली उजव्या कोपऱ्यात काहीतरी लिहिलंय, ते वाचायला मी बांधावरून वाकते, आणि दर वेळी वाचायच्या आत जाग येते. पहिल्या पहिल्यांदा मला वाटायचं डब्यांचे नंबर असतील.

तर परवाची मीटिंग. त्या वाक्याखाली मी आणखी एक ओळ घातली होती. ‘या कामाला आणखी कुणाचा हात लागला असल्यास त्यांचं नाव इथे लिहावं.’ एवढी लहानशी ओळ. मी वाचून दाखवली आणि आमचे एक तरुण सर लगेच म्हणाले, ‘मॅडम, मग निम्म्या पोरांच्या फॉर्मवर ट्यूशनच्या सरांचंच नाव येईल की हो!’ सगळे हसले. विभागप्रमुख बाई म्हणाल्या, नको, घोळ होतो, काढून टाका. त्यांचंही खरं होतं. मी भांडकुदळ म्हणून कॉलेजात प्रसिद्ध आहे, साध्या खिडकीच्या पडद्यासाठी मी दोन महिने भांडले आहे. पण या ओळीसाठी मी भांडले नाही. मीही हसले, आणि आपल्या हातानं ओळ खोडली.

आज सकाळी मात्र राहवलं नाही. त्या चौदातलं एकच पान आता माझ्याकडं उरलंय, आई आणि स्टोव्हचं. ते फ्रेममधून काढलं, टेबलावर ठेवलं, कापसाच्या बोळ्यावर निलगिरीचं तेल घेतलं आणि सही पुसायला लागले. शाई जुनी, पण खाली व्हार्निश पक्कं. तुमचं काम. थोडी थोडी करत शाई सुटली, आणि खालून अंगठा वर आला. तसाच. रेषान् रेषा. आई आपल्या खुर्चीतून म्हणाली, ‘काय पुसालीस गं मघापासनं?’ तिला आता नीट दिसत नाही, म्हणून मी पान तिच्या मांडीवर नेऊन ठेवलं. तिनं बोटांनी चाचपलं, कडेकडेनं, आणि कोपऱ्यात येऊन तिचं बोट थांबलं. व्हार्निशमधली ती चीर तिला लागली. ‘अय्यो, हे ह्यांचं बोट न्हवं?’ ती म्हणाली. मग मी तिला सगळं सांगितलं. खिडकी, सायकली, ‘नानs माडीन्री सर’, सही, सगळं. तिचा हात पानावरच होता. ओरडेल वाटलं होतं. नुसतं म्हणाली, ‘मग त्यांना का सांगितलं न्हाईस? बिचारे शेवटपर्यंत मनाला लावून घेऊन बसले.’

‘राहून गेलं,’ मी म्हणाले. अठ्ठेचाळीस वर्षांची बाई, आणि आईच्या तोंडावर पुन्हा खोटं.

हे पत्र आराखड्याच्या कच्च्या कागदांच्या मागं लिहितेय, तुम्ही कॅलेंडरच्या मागं आखायचात तसं. कुठं टाकायचं हा प्रश्नच नाही. त्या पानाच्या पाठीमागं घडी करून ठेवीन आणि फ्रेम बंद करीन. पण बंद करायच्या आधी दोन गोष्टी. एक, सीट मला नाही मिळाली अप्पा, तुमच्या हाताला मिळाली. तुमच्याकडून माझं कसलंही नुकसान झालं नव्हतं. जे झालं ते सगळं तिथूनच झालं.

आणि दुसरी, जी मी आईला सांगू शकले नाही. राहून गेलं नव्हतं. भीतीही वाटली नव्हती. आयुष्यभर तुम्ही साहेब लोकांपुढं हात मागं बांधून उभे राहिलात, आणि मग तसेच माझ्या चित्रांपुढं उभे राहायला लागलात. मला ते आवडायचं.